हजिरा–घोघा फेरी: बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी

बडोद्याहून भावनगरला जायला सुरतेजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याची फेरी, म्हणजे गाड्याही नेणारं जहाज, पकडणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. तारापूर-वटामणमार्गे रस्त्याने दोनशेच्या आसपास किलोमीटर. हजिऱ्याला पोचेपर्यंतच पावणेदोनशे होतात. २०१७ साली सुरू झालेली घोघा–दहेज फेरी (दहेज भरूचजवळ) आपल्या सोयीची होती, पण नर्मदेच्या मुखाशी गाळ साचून पाण्याची खोली कमी पडू लागली आणि ती बंद पडली. नोव्हेंबर २०२० पासून हजिऱ्याहून जहाज सुटतं. सुरतकरांचा ३७० किलोमीटरचा वळसा समुद्रातून ९० वर येतो. आपला काहीच वाचत नाही. तरी एकदा जाच, जहाज कामाला लागलेलं बघायला.

त्यासाठी लवकर पोचा. खरी मजा गाड्या चढताना. ‘व्हॉयेज सिम्फनी’च्या पोटात तीसेक ट्रक आणि शंभर मोटारी मावतात, पण आला तो घुसला असं चालत नाही, वजन दोन्ही बाजूंना सारखं बसावं लागतं. खलाशी शिट्टी वाजवत, हाताने खुणा करत ट्रकला वीतभर जागेत बसवतो. मग साखळ्या येतात. एक टोक ट्रकच्या सांगाड्याला, दुसरं डेकमधल्या कडीला, आणि वर ताण. आमच्या खिडकीवर टकटक झाली, ‘हँडब्रेक? गियर?’ दोन्ही दाखवल्यावरच माणूस पुढे सरकला.

गाडी लावली की वर जायचं. जहाज चालू असताना खाली सोडत नाहीत. म्हणून स्वेटर, औषधं, लीलो चेवडो (बडोद्याचा ओला चिवडा) आधीच पिशवीत काढून ठेवा. पाणी निळं असेल ही आशा सोडा, खंभातचं आखात गढूळच. इथली भरती-ओहोटी दहा मीटरच्या घरात जाते, त्यामुळे धक्क्यावरचा उतार पाण्याबरोबर वरखाली होईल असाच बांधावा लागतो. हे मुद्दाम बघा.

वर साताऱ्याकडचे एक ट्रकवाले भेटले. म्हणाले, ‘मावशी, ह्या चार तासांत झोपून घ्यायचं. रस्त्यानं गेलो असतो तर कोण झोपू देतंय?’ आणि खरंच घोरायला लागले.

मोटारीची जागा आधी ऑनलाइन धरा, ओळखपत्र आणि गाडीची कागदपत्रं जवळ ठेवा. पावसाळ्यात फेरी रद्दही होते, निघण्याआधी फोन करा. उलटीचा त्रास असेल तर गोळी चढण्यापूर्वी घ्या. घोघ्याहून भावनगर वीसेक किलोमीटर. परत मात्र रस्त्यानेच या.