चिमटीत येईल तेवढीच चरबी थिजते

फॅट फ्रीझिंग, म्हणजे यंत्राच्या गारठ्याने कातडीखालची चरबी कमी करण्याचा उपचार, करावा का, असा विचार मनात आला असेल तर क्लिनिकला फोन लावण्याआधी आरशासमोर उभे राहा. पोटाचे स्नायू घट्ट करा आणि बेंबीच्या चार बोटं खाली अंगठा आणि बोटांची चिमटी घ्या. हातात जी मऊ वळी आली, तीच यंत्राच्या कपात ओढली जाणार. ती जेमतेम २ ते २.५ सेंटिमीटर असेल तर कप नीट धरणार नाही. आणि पोट समोरून माठासारखं गोल, टणक दिसतंय पण चिमटीत नुसती कातडीच येते, तर तुमची चरबी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ आहे. तिथवर हा गारठा पोहोचत नाही. कितीही पैसे मोजले तरी नाही.

हा मुद्दा मी सगळ्यात आधी सांगते, कारण आपल्याकडे आतल्या चरबीचीच पोटं जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडफोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार, ही आपली ठेवण. म्हणून कंबरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप लावायचा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर आधी साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब तपासा. त्या पोटाला चालणं, जेवणातला बदल आणि फिजिशियन लागतो. बाहेरची वळी बारीक झाल्याने मधुमेहाचा धोका कमी होत नाही.

आणखी एक तपासणी घरच्या घरी होते. उताणे झोपा आणि मान उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला तर बाळंतपणानंतर स्नायू फाकलेले असू शकतात. त्याला फिजिओथेरपीचे व्यायाम आहेत, गारठ्याने स्नायू जवळ येत नाहीत. खोकल्यावर बेंबीपाशी किंवा जुन्या टाक्यांपाशी फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. त्यावर ओढणारा कप लावायचाच नाही, आधी सर्जनला दाखवायचं.

आता यंत्र काय करतं ते. डिसेंबरात न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली थिजते, पण शेजारच्या बादलीतलं पाणी पाणीच राहतं. चरबी पाण्याच्या आधी थिजते, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा उपचार उभा आहे. त्वचेच्या, स्नायूंच्या पेशीत पाणी जास्त; चरबीच्या पेशीत स्निग्ध पदार्थ भरलेले. नेमका गारठा नेमका वेळ दिला तर चरबीच्या पेशींना इजा होते आणि त्वचा वाचते. याची खूण लहान मुलांत सापडली होती. बर्फाची कांडी चोखणाऱ्या बाळाच्या गालात लाल, टणक गाठ येते आणि नंतर तिथे खळगा पडतो, असं १९७० साली नोंदवलं गेलं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डिटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी तोच धागा धरून डुकरांवर प्रयोग केले, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) कमरेच्या बाजूंसाठी यंत्राला मान्यता दिली, २०१२ मध्ये पोटासाठी, नंतर मांड्या, हनुवटीखालचा भाग आणि दंड.

इजा झालेल्या पेशी लगेच नाहीशा होत नाहीत. तिसऱ्या दिवसाच्या आसपास सूज सुरू होते, पुढचे काही आठवडे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्या मेलेल्या पेशी खात राहतात. फरक दिसायला दोन ते तीन महिने जातात. ‘चरबी लघवीवाटे निघून जाते’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डिसेंबरात लग्न असेल आणि दोन बैठका करायच्या असतील तर पहिली जुलैत व्हायला हवी, ऑक्टोबरात सुरू करून वेळ पुरत नाही.

किती कमी होतं? कपाखाली आलेल्या थराची जाडी एका सायकलमध्ये, म्हणजे एका जागी एकदा कप लावल्यावर, साधारण २० ते २५ टक्के. चिमटी ५ सेंटिमीटरची असेल तर ती दुहेरी घडी आहे, म्हणजे थर अडीच सेंटिमीटर. त्यातला सुमारे अर्धा सेंटिमीटर जाईल. वजनकाट्यावर हे दिसतच नाही. २० बाय ८ सेंटिमीटरचा, ३ सेंटिमीटर जाडीचा पट्टा धरला तर गेलेली चरबी शंभरेक ग्रॅम भरते. ‘वजन कमी करा’ अशा जाहिरातीखाली हा उपचार विकणं मला सरळ फसवणूक वाटते. वजन स्थिर आहे, पण एकच हट्टी वळी ब्लाउजच्या खाली किंवा पँटच्या पट्ट्यावर येते, अशा माणसासाठी हा आहे.

प्रत्यक्ष बैठकीत सगळ्यात बारकाईने बघण्याची वस्तू म्हणजे जेलपॅड. जेलने ओथंबलेलं पातळ कापड कप लावण्याआधी त्वचेवर पसरतात. ते जेल गोठत नाही, म्हणून थंड पट्टी आणि त्वचा यांच्यामध्ये ते ढाल बनतं. पॅडला सुरकुती पडली, खाली हवेचा बुडबुडा राहिला किंवा पॅड कपाच्या कडेपेक्षा आखूड पडलं, तर तेवढ्या जागी त्वचा उघडी राहते आणि तिथेच बर्फाने भाजतं. आधी फोड, मग आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर महिनोन्‌महिने न जाणारा काळा डाग. म्हणून पॅड तुमच्या डोळ्यांसमोर नव्या पाकिटातून काढलेलं हवं, अख्ख्या कपाच्या बाहेर दोन बोटं आलेलं हवं आणि तळव्याने दाबून हवा काढलेली हवी. एका पॅडवर दोन जागा उरकणारे असतात; तिथून उठून या. अशा वेळी भीड बाळगू नका.

कप ओढतो तेव्हा पहिली ५ ते १० मिनिटं ओढ, बोचरा गारठा, चिमटा काढल्यासारखं होतं. मग भाग बधिर होतो. जुने कप तासभर ठेवत, नवे उणे ११ अंशांना ३५ मिनिटं. बधिर झाल्यावर पुन्हा टोचायला, जळायला लागलं तर सहन करत पडून राहायचं नाही, लगेच सांगायचं. कप काढल्यावर तो भाग फ्रीजमधून काढलेल्या लोण्याच्या गोळ्यासारखा घट्ट उभा राहतो, कपाच्याच आकाराचा. त्याला तिथल्या तिथे दोन मिनिटं जोरात मळतात. हे सगळ्यात नकोसं वाटतं, पण मळल्याने परिणाम वाढतो असं अभ्यासात दिसलंय, म्हणून ते टाळू देऊ नका.

नंतर लाली काही तास, काळं-निळं दोन आठवडे आणि बधिरपणा कधी कधी दोन महिने. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी चुकूनही ठेवू नका. चटका कळत नाही. काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अचानक झिणझिण्या, जळजळ, रात्री झोपमोड करणारी कळ येते. ती आठवडा-दोन आठवड्यांत शमते, पण डॉक्टरांना कळवायचं, कारण त्यावर नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात.

काहींनी हे करूच नये. क्रायोग्लोब्युलिनेमिया, कोल्ड ॲग्लुटिनिन आजार, थंडीने लाल पेशी फुटण्याचा पॅरॉक्सिस्मल कोल्ड हिमोग्लोबिन्युरिया: थंडीने बळावणारे हे रक्ताचे आजार असतील तर सक्त मनाई. गार पाण्यात हात घातला की गांधी उठतात, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात, मधुमेहाने पायांची संवेदना गेली आहे, नागिणीची कळ अजून आहे, पेसमेकर आहे, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आहात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, तर स्वतःहून सांगा. हे प्रश्न न विचारता पॅकेजचा कागद पुढे करणारी जागा तुमच्या कामाची नाही.

ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते आता. क्वचित चरबी आटण्याऐवजी वाढते. नाव लांबलचक आहे, पॅराडॉक्सिकल ॲडिपोज हायपरप्लेजिया. दोन ते सहा महिन्यांत कपाच्या आकाराचा टणक, न दुखणारा, कडा स्पष्ट असलेला उंचवटा येतो. तो आपोआप जात नाही, डाएटने जात नाही. २०१४ साली पहिली नोंद झाली तेव्हा कंपनीच्या आकड्यांवरून प्रमाण २०,००० सायकलींत एक, असं धरलं गेलं. नंतर स्वतंत्र डॉक्टरांना ते बरंच जास्त आढळलं. पुरुषांत प्रमाण चढं दिसतं. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने २०२१ मध्ये आपल्याला हेच झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगाला हा शब्द कळला. आकडा सायकलमागे आहे हे लक्षात घ्या: आठ सायकली म्हणजे आठ वेळा तीच जोखीम. यावर इलाज बहुधा लायपोसक्शनचा, म्हणजे चरबी नळीने ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, तोही सहा-नऊ महिने थांबून, गाठ मऊ पडल्यावर. म्हणजे सुई-सुरी टाळायला आलेल्याला शेवटी तीच लागू शकते. हे संमतिपत्रात मराठीत लिहिलेलं आहे का ते वाचा. आणि असं झालं तर खर्च कोण करणार, हे सही करण्याआधीच लेखी घ्या.

यंत्राचं नाव, मॉडेल आणि कंपनी विचारा. त्वचेचं तापमान मोजून आपोआप थांबणारा सेन्सर त्यात हवा. स्वस्त नकलांत तो नसतो किंवा चालत नाही. जागा तपासणारा त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन हवा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी बघता येते. घरी बर्फाच्या पिशव्या बांधून हेच करण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यात तापमानावर ताबा नसतो आणि कातडी जळते.

दर विचारताना ‘एका सायकलचा’ आकडा ऐकून खूश होऊ नका. खालच्या पोटाला दोन कप, दोन्ही बाजूंना एकेक, झाल्या चार सायकली. दोन बैठका म्हणजे आठ. पॅड, तपासणी आणि जीएसटी त्यात धरलेत का ते पाहा. आरोग्य विमा याचे पैसे देत नाही.

पहिल्या दिवशी फोटो काढा: तीच भिंत, तोच दिवा, तेच अंतर, पायांची तीच ठेवण, श्वास सोडलेला, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. त्या दिवशीचं वजन फोटोखाली लिहा. तीन महिन्यांनी तसेच फोटो पुन्हा काढा. वजन दोन किलोंनी उतरलं असेल तर त्यातला फरक यंत्राचा धरू नका. वजन तेच असून वळी बारीक दिसत असेल तरच दुसरी बैठक घ्या. काहीच दिसत नसेल तर उरलेल्या पॅकेजचे पैसे परत मागा, आणि तशी अट पहिल्याच पावतीवर लिहून घेतलेली असू द्या.