दादा, हळू सांग ना

मी मराठी शिकवते. त्यामुळे त्याच्या वहीत लाल शाई सर्वांत जास्त सांडली ती माझीच. आठवी-नववी, दोन्ही वर्षं. 'भ'चा 'म', 'ध'चा 'घ', रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षर आलं की अर्धं गायब. ३ आणि ६ तर त्याच्या लेखी एकच. पानभर उत्तराच्या जागी दोन ओळी. स्टाफरूममध्ये त्याचा विषय निघाला की एका अक्षरात संपायचा: ढ. मीही संपवलाय. (ब्राह्मीपासून फारसं न बदललेलं अक्षर म्हणून 'ढ', असं म्हणतात. वर्गात हे मी रंगवून सांगायचे.)

त्याच्या आत्याने मात्र पिच्छा सोडला नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात चकरा मारून, नववी संपता संपता तिने अध्ययन अक्षमतेचा दाखला मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणून ठेवला. बुद्ध्यांक व्यवस्थित, अडचण वाचन-लेखनाची. अशा मुलांना महाराष्ट्रात दहावीला सवलती मिळतात त्या १९९६ पासून, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही अक्षमता आहे. एकवीस वर्षं नोकरी झालेल्या मला यातलं धड काही ठाऊक नव्हतं.

जानेवारीतली पूर्वपरीक्षा. विज्ञान भाग १. चाळीस गुण, दोन तास, त्याला वर चाळीस मिनिटं. प्रयोगशाळेत तिघंच: तो, लेखनिक म्हणून नववीतली एक मुलगी आणि पर्यवेक्षक मी. मी तपासायचे गठ्ठे घेऊन बसले होते.

पहिले प्रश्न जेमतेम गेले. मग तिने वाचलं, "विद्युत चलित्राची रचना व कार्य स्पष्ट करा." चलित्र म्हणजे मोटर. तो सुरूच झाला. चुंबकाचे दोन ध्रुव, मधलं कुंडल, प्रवाह कुठून शिरतो, बळ कुठल्या दिशेला, अर्ध्या फेरीनंतर प्रवाह उलटला नाही तर काय होईल. डाव्या हाताची तीन बोटं हवेत काटकोनात धरलेली. संध्याकाळी तो काकाच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात बसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"दादा, हळू सांग ना," मुलगी रडकुंडीला आली. "कॉइल लिहू का?"

"कुंडल लिही. पुस्तकात कुंडल आहे."

पुस्तक आत्या रोज रात्री मोठ्याने वाचायची. ते त्याला ऐकून पाठ होतं.

मी तपासणी कधी थांबवली, कळलं नाही. दोन वर्षांत त्याचा आवाज मी सलग इतका वेळ कधी ऐकलाच नव्हता. तोंडी प्रश्न मी हुशार मुलांना विचारायचे.

आकृती त्याने स्वतः काढली, रेघन् रेघ जागच्या जागी. खाली लिहिलं 'चुबंक'. माझा हात लाल पेनाकडे गेला. विज्ञानाचा पेपर, तपासणार दुसरे सर, तरी गेला.

पेपर देताना त्याने विचारलं, "मॅडम, मराठीच्या पेपरला इथे तुम्हीच असाल?"

"नाही रे, विषयशिक्षकांना त्या दिवशी देत नाहीत."

"बरं झालं," म्हणाला, आणि चप्पल घालून निघून गेला.