जुन्या गाडीचा चेहरा की जुन्या गाडीची बुद्धी?

रॉबेर्तो जोलितो या इटालियन डिझायनरच्या नावावर फियाटच्या दोन गाजलेल्या गाड्या आहेत. एक १९९८ची मल्टिप्ला, दुसरी २००७ची ५००. पहिली कुरूप गाड्यांच्या याद्यांमध्ये अजूनही हमखास सापडते. दुसरी लोकांनी डोक्यावर घेतली. रेट्रो, म्हणजे जुन्या गाडीचं रूप नव्या गाडीला देणं, की नवनिर्मिती, हा वाद निघाला की मला या दोघी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. दोन्ही एकाच माणसाने केल्या आणि दोन्हींचा पूर्वज फियाटच्याच घरातला आहे.

आधी ५०० घेऊ. मूळ गाडी १९५७ची, फियाटचा अभियंता दान्ते जाकोसाने आखलेली. लांबी २.९७ मीटर, मागच्या बाजूला ४७९ सीसीचं, हवेने थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन. तिचा गोलमटोल आकार गोड दिसावा म्हणून आलेला नव्हता. युद्धानंतरच्या इटलीत पत्रा महाग होता, आणि दोन्ही दिशांनी वळवलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ राहतो, त्यामुळे पातळ पत्र्यावर भागतं. छताला कापड लावलं की तेवढा पत्रा आणखी वाचतो. इंजिन मागे असल्यामुळे नाकावर जाळी लागत नाही. तिथे फक्त बिल्ला आणि दोन बाजूंना मिशांसारख्या क्रोमच्या पट्ट्या. ज्याला आपण त्या गाडीचा चेहरा म्हणतो, तो खरं तर काटकसरीचा हिशेब आहे.

४ जुलै २००७ला, बरोबर ५० वर्षांनी, नवी ५०० आली. लांबी ३.५५ मीटर, खाली फियाटच्याच पांडा या छोट्या गाडीचा प्लॅटफॉर्म (खालचा सांगाडा), इंजिन पुढे आडवं. इथे पहिली अडचण येते. पुढच्या इंजिनाला हवा हवी, पण जाळी नसलेलं नाक हीच तर ओळख. म्हणून हवेचं तोंड खाली बंपरमध्ये नेलं आणि वर बिल्ला व मिशा तशाच ठेवल्या. दुसरी अडचण मागच्या उताराची. जुन्या गाडीत छप्पर उतरत जाऊन इंजिनावर टेकायचं. नव्या गाडीत तोच उतार मागे बसणाऱ्यांच्या डोक्यावर येतो. मागच्या सीटवर उंच माणसाला मान वाकवावी लागते आणि डिकी १८५ लिटरची. त्याच प्लॅटफॉर्मवरची पांडा उभ्या पाठीची आहे, तिच्यात चार मोठी माणसं नीट बसतात. रेट्रो आकाराची किंमत किती, हे या दोन गाड्यांत बसून लगेच कळतं.

आता मल्टिप्ला. तिचा पूर्वज १९५६ची ६०० मल्टिप्ला, तीही जाकोसाचीच. साडेतीन मीटरच्या आसपास लांबीत तीन रांगा आणि सहा माणसं. हे जमलं कारण इंजिन मागे आणि चालकाची सीट थेट पुढच्या चाकांवर. १९९८ साली जोलितोपुढे प्रश्न तोच होता: चार मीटरच्या आत सहा माणसं कशी बसवायची? चालकाला पुढच्या चाकांवर बसवणं अपघाताच्या चाचण्यांमुळे शक्य नव्हतं, आणि इंजिनही आता पुढे होतं. म्हणून त्याने रांगा तीनच्या दोन केल्या आणि गाडी रुंद केली. लांबी ३.९९ मीटर, रुंदी जवळपास १.८७ मीटर, पुढे तीन आणि मागे तीन. गिअरचा दांडा डॅशबोर्डवर चढवला, म्हणजे मधल्या माणसाच्या पायांना जागा राहिली. मधली सीट दुमडली की तिचं टेबल होतं.

लोक हसले ते काचेखालच्या पायरीला. बॉनेट खाली, आत्ता संपलं असं वाटतं, आणि मग रुंद केबिन अचानक वर उठते. त्या पायरीवर आणखी दोन दिवे. पण ही पायरी प्रामाणिक आहे. खाली यंत्र, वर माणसं, दोघांची मापं वेगळी, आणि ते लपवलेलं नाही. २००४ साली फियाटने पुढचा भाग चारचौघांसारखा करून टाकला. आतल्या सहा सीट तशाच राहिल्या, गाडी मात्र ओळखू येईनाशी झाली. माझ्या मते जाकोसाचा खरा वारसा या कुरूप म्हणवल्या गेलेल्या गाडीत आहे. तिने पूर्वजाचा चेहरा घेतला नाही, त्याचा प्रश्न घेतला आणि नव्या अटींत नव्याने सोडवला.

मिनी या ब्रिटिश गाडीचं आणखी ठळक. १९५९ साली डिझायनर ॲलेक इसिगोनिसने ३.०५ मीटरची गाडी केली तेव्हा इंजिन आडवं टाकून गिअरबॉक्स त्याच्या ऑइल सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, बसवला आणि अवघी १० इंची चाकं लावली. सगळी जागा माणसांसाठी. पत्र्याचे वेल्डिंगचे सांधे बाहेरच्या बाजूला ठेवले, कारण तसं जोडणं स्वस्त पडायचं. बीएमडब्ल्यूची २००१ची मिनी ३.६३ मीटरची आहे आणि तिच्या पुढच्या चाकामागच्या पत्र्यावर एक तिरकी रेघ आहे, जुन्या सांध्याची आठवण म्हणून. १९५९ साली तो सांधा पैसे वाचवत होता, २००१ साली ती रेघ नुसती सजावट आहे. गाडी चालवायला सुरेख आहे यात वाद नाही. पण थोड्या जागेत जास्त माणसं बसवायची युक्ती तिथे थांबली.

फोक्सवॅगनची १९९८ची न्यू बीटल तर तीन कमानींचं (दोन चाकांवरच्या, एक छताची) चित्र आधी आणि गाडी नंतर अशीच झाली. जे मेज आणि फ्रीमन थॉमस या डिझायनरांनी कॅलिफोर्नियात काढलेली ती कल्पना १९९४च्या डेट्रॉइट प्रदर्शनात आली, आणि मग ती चौथ्या पिढीच्या गोल्फच्या सांगाड्यावर बसवली गेली. कमान पूर्ण करायची म्हणून पुढची काच फार पुढे गेली, चालकासमोर मेजाएवढा डॅशबोर्ड उरला, आणि मागच्यांच्या डोक्यावर छप्पर उतरलं.

नव्या रेट्रो गाड्या फुगलेल्या का दिसतात, याची कारणं साधी आहेत. पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर बॉनेटचा पत्रा आत दबायला हवा, म्हणून पत्रा आणि इंजिन यांच्यात मोकळी जागा ठेवावी लागते आणि बॉनेट उंच होतं. बाजूच्या धडकेसाठी दार जाड होतं आणि काचेची खालची रेषा वर सरकते. गाडी उलटली तर छप्पर टिकावं म्हणून पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब जाड होतात. मग उंच अंग झाकायला चाकं १६, १७, १८ इंची. जुन्या गाडीत काच मोठी, खांब बारीक, अंग सडपातळ. तीच रेषा जाड अंगावर ओढली की ती तशी बसत नाही. शोरूममध्ये गेलात तर समोरून गाडी बघू नका, चेहरा फसवतो. दहा पावलं मागे जाऊन बाजूने बघा: दाराच्या उंचीत काच किती आणि पत्रा किती, पुढचं चाक आणि पुढचं दार यांच्यात अंतर किती. मग मागच्या सीटवर पाठ टेकून बसा, चालकाची सीट तुमच्या उंचीला लावलेली असताना.

इलेक्ट्रिक गाड्यांनी काही गणितं पुन्हा मोकळी केली. फोक्सवॅगनच्या आयडी बझ या व्हॅनमध्ये मुख्य मोटर मागच्या चाकांवर आहे, त्यामुळे जाळीशिवायचं नाक त्यांच्याच १९५०च्या, मागे इंजिन असलेल्या व्हॅनसारखं पुन्हा खरं ठरतं. चालक मात्र आता पुढच्या चाकांच्या मागेच बसतो. रेनॉ ५ मला जास्त आवडते, एका छोट्या गोष्टीसाठी. १९७२च्या गाडीत बॉनेटवर एका बाजूला हवेची झडप होती. नव्या गाडीत त्याच जागी बॅटरी किती भरली ते दाखवणारा दिवा आहे. जुन्या जागेला नवं काम मिळालं. ह्युंदाईची आयोनिक ५ आणखी पुढे जाते. ह्युंदाईच्याच १९७४च्या, जुजारो या इटालियन डिझायनरने आखलेल्या पोनीची कापल्यासारखी घडी घेतली, पण चौकोनी ठिपक्यांचे दिवे आणि ३ मीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तिचा स्वतःचा.

आपल्याकडे ५०० २००८ साली आयात होऊन आली, १४ लाखांच्या वर. चालली नाही. किंमत हे एक कारण, पण दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: महाराष्ट्रात फियाट म्हटलं की कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली पद्मिनी आठवते, काळी-पिवळी टॅक्सी आठवते. ५०० इथल्या कोणाच्या अंगणात उभीच नव्हती. जिची आठवण नाही तिचं रेट्रो विकत कोण घेणार?

थारची गोष्ट वेगळी. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या शेवटी विलीज जीप जोडायला घेतली आणि तो धागा नाशिकपर्यंत अखंड आला. २०२०च्या थारमध्ये वरच्या अंगापासून वेगळा सांगाडा, उभी काच, बाहेरच्या बिजागऱ्या आहेत. मधे खंडच पडला नाही, म्हणून तिला रेट्रो म्हणायला मी कचरतो.

सिएराची मात्र खरी परीक्षा आहे. १९९१च्या टाटा सिएराला मागे दारंच नव्हती, म्हणून छताकडे वळणारी ती मोठी काच अखंड राहू शकली. ती उघडत नसे, आत ऊन यायचं, पण तसं रूप दुसऱ्या कुठल्या भारतीय गाडीला नव्हतं. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या सिएराला मागची दारं आहेत. दार आलं की बिजागरी आणि कुलूप धरायला खांब आला, काचेला चौकट आली. त्यामुळे ती काच आता काळ्या रंगाच्या भागांनी साधलेला आभास आहे. कुटुंबासाठी गाडी घेणाऱ्याला मागची दारं हवीतच, तो निर्णय बरोबर आहे. पण मग ओळख दुसरीकडे शोधायला हवी होती असं मला वाटतं, कारण पुढच्या पिढीत हाच काळा पट्टा पुन्हा रंगवावा लागेल. निसानने १९९१ला फिगारो ही रेट्रो गाडी काढली तेव्हा ठरवूनच सुमारे २०,००० केल्या आणि थांबले. न्यू बीटलला एक वारस मिळाला आणि २०१९ला ती वंशावळ संपली.

१९९२ साली पॅरिसमध्ये दाखवलेल्या रेनॉ ट्विंगोला कोणी पूर्वज नव्हता. एकाच खोक्याचा आकार, बेडकासारखे दिवे, आणि ३.४३ मीटरच्या गाडीत मागची सीट पुढेमागे सरकणारी: कधी पाय पसरायला जागा, कधी सामानाला. २०२५च्या शेवटी दाखवलेल्या इलेक्ट्रिक ट्विंगोने ते दिवे परत आणले. सोबत चार दारं आणली, आणि मागच्या सरकत्या सीटही ठेवल्या, आता दोन वेगवेगळ्या.