तुम्ही विचारलंत म्हणून: एकच सिनेमा अडीच वर्षं बघायचं कोण?

जुन्या थिएटरांचा विषय निघाला की तरुण मंडळी मला हटकून एक गोष्ट विचारतात. १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंद टॉकीजला १३०हून जास्त आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! एवढी माणसं यायची कुठून? की तेच ते लोक पुन्हा पुन्हा यायचे?

यायचे. मी स्वतः चार वेळा गेलो, आणि तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अर्थात मला सिनेमा दाखवायला कुणी नेत नव्हतं. बायकांनी एकटीदुकटीनं थिएटरात जायचं नाही, घरातल्या पुरुषांना वेळ नाही, मग सोबतीला एखादा मुलगा तरी हवा. आमच्या आत्याची सोबत म्हणजे मी.

तुम्हाला कुणी सांगेल की तेव्हा टीव्ही नव्हता. खरं आहे, मुंबईतसुद्धा टीव्ही यायला १९७२ उजाडलं. कच्ची फिल्म परदेशातून यायची, त्यामुळे मराठी सिनेमाच्या प्रतीही मोजक्याच निघत आणि गावोगाव फिरत राहत. हेही खरं. पण तेवढ्यानं सिनेमा अडीच वर्षं चालत नाही. माझ्या मते तो चालला त्यात मोठा वाटा बायकांचा, आणि हे कुणी फारसं सांगत नाही.

सिनेमा तमाशाचा होता. ढोलकी, लावणी, फड, सगळं त्यात. खरा तमाशा पुण्यात आर्यभूषण थिएटरला व्हायचा, पण आमच्यासारख्या घरातली बाई तिकडे फिरकणं शक्यच नव्हतं. आत्या जन्मभर पुण्यात राहिली, आणि लावणी म्हणजे काय ते तिनं लोकांच्या तोंडून फक्त ऐकलं होतं, तेही नावं ठेवताना. १९४७ला ‘लोकशाहीर राम जोशी’ आला, पुढे असे सिनेमे येत गेले, आणि फडात जे तिला कधी बघता आलं नसतं ते टॉकीजमध्ये उजळ माथ्यानं बघता यायला लागलं. नऊवारी सावरून, डोक्यावरून पदर घेऊन, शेजारणींच्या घोळक्यात, भाच्याला पुढे घालून. मला हे फार मोलाचं वाटतं. त्या सिनेमांची वर्णनं वाचताना दिग्दर्शक, संगीतकार, नट-नट्या सगळे भेटतात. माझी आत्या कुठेच भेटत नाही.

बायकांच्या तिकिटांची रांग वेगळी असे. ती लवकर सरके, म्हणून ओळखीचे बापे आत्याच्या हातात हळूच पैसे देत, “वहिनी, आमचीही दोन काढा.” नवे पैसे येऊन दोनतीन वर्षं झाली होती, तरी हिशेब सगळा आण्यांतच. आत बसलं की आधी सरकारी बातमीपट, कुठलं तरी धरण, कुठला तरी पाहुणा. मग सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर आलं की मी किती रिळं आहेत ते वाचून आत्याला सांगायचो. तिला वाचता येत होतं, पण हे काम माझं होतं.

लावणी सुरू झाली की पुढच्या बाकांवरून शिट्ट्या. पडद्यावर चिल्लर फेकायचे लोक, समोर खरीच बाई नाचतेय अशी दौलतजादा. नाणं पडद्यावर आपटून खाली पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्या बाजूला मात्र सगळं चिडीचूप. कुणी हसत नाही, कुणी माना डोलवत नाही. कुणी बघितलं तर?

‘बुगडी माझी सांडली गं’ लागलं, आणि माझ्या गुडघ्यावर काहीतरी हललं. आत्याची बोटं होती. नजर समोर, चेहरा पूजेला बसल्यासारखा, आणि उजव्या हाताची बोटं माझ्या गुडघ्यावर ढोलकीचा ठेका धरत होती. बांगड्या किणकिणू नयेत म्हणून डाव्या हातानं तिनं त्या कोपराकडे सारून घट्ट धरून ठेवल्या होत्या. गाणं संपल्यावर तिनं हात उचलला आणि माझी विजार नीट केली, जणू त्यासाठीच हात तिथं होता.

बाहेर पडताना गाण्यांची पुस्तिका घेतली. ती आमच्या घरी तांदळाच्या डब्यात राहायची, कारण त्या डब्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. दुपारी पुरुष कामावर गेले की ती तांदूळ निवडायला बसायची. रोज. चार माणसांच्या घरात रोज किती तांदूळ निवडायचे असतात? पुस्तिका सुपात, तांदळांवर उघडी ठेवलेली, आणि आत्या अगदी हलक्या आवाजात, एकेक कडवं.

पंधरा-वीस दिवस गेले की ती म्हणायची, “पोरा, रविवारी मोकळा आहेस का?”