चालतो का अजून?

गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमधला लाल ट्रॅक्टर दिसला की पाहुणा पहिला प्रश्न हाच विचारतो. दुसरा प्रश्न चहा झाल्यावर येतो, जरा दबक्या आवाजात: ‘नाही, पण ठेवलाय कशाला?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चालतो. दुसऱ्याला आजवर मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंत म्हणून आता जरा बैजवार सांगतो.

आधी एक गैरसमज काढतो. ही वडिलांची आठवण वगैरे नाही. वडिलांकडे ट्रॅक्टर कधी नव्हताच. बैलजोडी होती, आणि मोठ्या नांगरटीला गावातल्या एकुलत्या एक ट्रॅक्टरच्या मालकाकडे चार-चार हेलपाटे घालावे लागत. तो ट्रॅक्टर याच मॉडेलचा: इंटरनॅशनल बी-२७५. तो रानात आला की आम्ही पोरं शाळा बुडवून बांधावर. माझा मला मिळाला २०११ साली, मिरजेकडच्या एका मळ्यात. बाभळीखाली उभा, पुढची चाकं रिमपर्यंत मातीत. भंगारवाला वजनावर मागत होता; मी त्याच्यापेक्षा पाच हजार जास्त दिले. घरी आणला त्या दिवशी बायको दोन वेळा बाहेर येऊन बघून गेली आणि काहीच बोलली नाही, यावरून काय ते समजा.

या ट्रॅक्टरचं मूळ घराणं विलायती. इंग्लंडात ब्रॅडफर्डला जोवेट नावाच्या मोटारी बनायच्या. तो कारखाना इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीनं घेतला आणि तिथून हे छोटे ट्रॅक्टर निघू लागले. आपल्याकडे १९६३ साली महिंद्रानं या कंपनीशी आणि व्होल्टासशी भागीदारी केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनायला लागला. चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर. त्याआधी १९५९ मध्ये फरिदाबादला आयशर सुरू झाला होता, आणि दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेला स्वराज १९७४ मध्ये पंजाबातून आला. पण आमच्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा, ‘ट्रॅक्टर’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे हाच लाल बॉनेटवाला येतो.

आता नव्या ट्रॅक्टरच्या नावापुढे ‘डीआय’ लिहिलेलं असतं. म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. माझा त्याआधीच्या पिढीतला. यात डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटतं आणि तिथून पुढं जातं. म्हणून थंडीत तो लगेच जागा होत नाही. हीटर चालू करून तीसपर्यंत आकडे मोजायचे, मग सेल्फ मारायचा. घाई केली तर नुसता पांढरा धूर, आणि शेजारच्या काकूंचे दोरीवरचे धुतलेले कपडे त्यात.

पहिल्या वर्षी मी शिकलो नाही, त्यानंच मला शिकवलं. माझ्याकडे एमएम पान्यांचा नवाकोरा सेट होता, आणि याचे बोल्ट इंची. तेराचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कडा खाऊन टाकतो. असे तीन बोल्ट खराब केल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारातून इंची पाने आणले. मग एकदा टाकी कोरडी पडली आणि पाइपात एअर धरली. मिस्त्री म्हणाले, ‘मी काढून देतो, पण परत बोलवू नका. बघून घ्या.’ फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा आणि फीड पंपाची छोटी दांडी अंगठ्यानं वरखाली करत राहायची. आधी साबणाच्या पाण्यासारखा फेस येतो. फसफस कमी कमी होत जाते, आणि मग एकदम डिझेलची अखंड धार लागते. लगेच बोल्ट आवळायचा. हेच मोठ्या पंपावर, मग सेल्फ मारत चारही नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या, नटांवर. शेवटचा नट आवळताना इंजिन आपणहून एक ठोका देतं, मग दुसरा. मिस्त्री तोवर चहा प्यायला गेले होते.

सुटे भाग मिळतात का, असंही विचारतात. मिळतात. लुधियानाकडून अजून येतात, तेही नव्या गाडीच्या भागांना आपण मोजतो त्याच्या पावपटीत. घ्यायचा विचार असेल तर नव्या रंगाला मात्र भुलू नका. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरलीय ते बोटाच्या पेरानं ठोकून बघा. ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल ताकासारखं दिसलं तर आत पाणी जातंय. नोंदणीची कागदपत्रं आधी तपासा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि त्यासाठी मी मारलेल्या फेऱ्यांत एक वावर नांगरून झालं असतं. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे चाक धरताना अंगठे आतल्या आऱ्यांमध्ये घालू नका, बाहेर ठेवा. पुढचं चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. आणि पोरांना मडगार्डवर बसवू नका. फोटोपुरतंसुद्धा नाही.

तर ठेवलाय कशाला? पैशाचा हिशोब मांडला तर परवडत नाही. वाटण्या होऊन माझ्या वाट्याला सव्वा एकर आलं. पलटी नांगर आणि रोटाव्हेटरसाठी मी पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर भाड्यानंच आणतो. तो येतो, अर्ध्या दिवसात रान उलटंपालटं करतो, पैसे घेतो, जातो. माझ्याकडे राहतं ते कुळवाचं काम, खताची ट्रॉली, सऱ्या सोडणं. मागे जोडलेलं अवजार लिव्हरनं उचलायची ही तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसानं रूढ केली. १९४६ पासून दहा वर्षांत त्याचे पाच लाखांवर करडे ट्रॅक्टर कॉव्हेंट्रीहून बाहेर पडले. एव्हरेस्टवाला हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून, इंजिनं तीस हॉर्सपॉवरच्या आतली. माझ्या सव्वा एकराला ३५ म्हणजे चैनच.

पण खरं उत्तर असं, की कमी ताकदीचा ट्रॅक्टर रान सांगतो. मोठ्या ट्रॅक्टरला मऊ काय, टणक काय, एकच. याचा आवाज बदलतो. ओल संपली की तो जरा खाली बसतो, मुरूम लागला की घशात बोलतो, काळ्या मातीत परत मोकळा होतो. दोन-तीन वर्षांत मला डोळे मिटून सांगता यायला लागलं की आपण वावराच्या कुठल्या टोकाला आहोत.

एक जागा मात्र कळत नव्हती. आग्नेय कोपऱ्यात, बांधापासून पंधरा-वीस पावलांवर, एका पट्ट्यात तो दर वर्षी दबायचा. वर माती सारखीच, ऊसही सारखाच. चौथ्या वर्षी मी कुळव उचलून तिथं पहार मारली. हातभर खाली माती सिमेंटसारखी घट्ट, आणि एका कडेला घडीव दगडांची ओळ. आईला बोलावलं. ती काठी टेकत आली, उन्हात हात कपाळाशी धरून बघत राहिली. म्हणाली, ‘इथं मोटेची धाव होती रे. विहीर तुझ्या आज्यानं बुजवली. बैल या वाटेनं पाण्याची मोट ओढत मागं-पुढं करायचे.’

दगड तिथंच ठेवले. एक तेवढा आणला, शेडमध्ये मागच्या चाकाला लावायला. हँडब्रेक धरत नाही.