नोकरीनंतरची नोंदवही: मुक्काम मोरीपाशी

नोकरीनंतर वन्यजीव छायाचित्रणात उतरलो खरा, पण मागच्या नोंदीनंतर लांब लेन्स बॅगेतून फारशी बाहेर आलेली नाही. सगळा वेळ रस्त्याखालच्या एका मोरीवर चाललाय. वरून गाड्या धावतात, खालून साळिंदरं जातात असं मातीतले माग सांगतात. मला साळिंदराचं पोर्ट्रेट नकोय. मोरीचं तोंड, वरच्या दिव्यांची रेघ आणि खालचा प्राणी, हे तिन्ही एकाच फ्रेममध्ये हवंय.

शटर तीन सेकंद उघडं ठेवलं की दिव्यांची रेघ उमटते. प्राणी मात्र अंधारात असल्यामुळे फक्त फ्लॅशच्या उजेडापुरता दिसतो, म्हणून हललेला येत नाही. फ्लॅश १/३२ पॉवरवर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या बत्तिसाव्या हिश्शावर. त्यानं दोन फायदे होतात: सेल टिकतात आणि झोताचा कालावधी छोटा होत असल्यानं काटे धारदार येतात. फ्लॅश बघून प्राणी माघारी फिरताना दिसला तर फ्लॅश त्याच दिवशी काढायचा, हे आधीच ठरलेलं आहे.

खरी कसरत कॅमेरा आपोआप चालवणाऱ्या सेन्सरची. पीआयआर सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो, आणि तीही आडवी सरकली तर चांगली ओळखतो. समोरून येणारा प्राणी त्याला उशिरा कळतो. म्हणून कॅमेरा तोंडासमोर, सेन्सर बाजूला, मध्ये वायरलेस ट्रिगर. दुपारी तापलेलं गवत वाऱ्यानं हललं तरी कार्ड भरतं, त्यामुळे दिवसा सगळं बंद.

‘इतकं शिक्षण घेऊन हे?’ असं अजूनही विचारलं जातं. जॉर्ज शिरास हा अमेरिकन वकील, १९०३ ते १९०५ तिथल्या संसदेत होता. त्याची ७४ वन्यजीव छायाचित्रं १९०६ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’नं छापली, त्यांत रात्री फ्लॅशनं टिपलेलीही होती. स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचं विधेयकही त्यानंच १९०४ मध्ये मांडलं होतं. ब्राझीलचा छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो तर अर्थतज्ज्ञाची नोकरी सोडून आला. तेव्हा आपण काही जगावेगळं करत नाही!

माझी जुनी कामंही वाया गेलेली नाहीत. बांधकामाचे नकाशे वाचता येतात, त्यामुळे अभियंत्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येतं. मोरीच्या भिंतीलगत पाण्याच्या पातळीच्या वर एक कोरडा कट्टा आणि प्राण्यांना तोंडाकडे वळवणारं कुंपण, एवढीच मागणी आहे. करारनाम्यांच्या कामामुळे परवानगीची पत्रं आणि छायाचित्र वापराच्या अटी स्वतःच लिहितो. हिशेबतपासणीच्या सवयीनं प्रत्येक फाइलला तारीख, वेळ, प्राणी, रानटी की पिंजऱ्यातला, हे सगळं लागतं. बाहेर देताना जीपीएस काढून टाकतो, कारण जागा शिकाऱ्यालाही कळते. उत्पन्नाचं विचाराल तर करारांची किरकोळ कामं अजून चालू आहेत, आणि ती बंद करायची घाई नाही.

आता पाऊस येईल. मोरीतून पाणी वाहायला लागलं की प्राणी वर रस्त्यावर चढतात का, हे टिपायचंय. कट्ट्याची गरज त्यावरूनच ठरेल. फ्लॅशच्या डब्यात सिलिका जेल ठेवूनही आतल्या काचेवर बाष्प धरतं. तुमच्यापैकी कुणी पावसाळाभर डबा बाहेर ठेवला असेल, तर सीलसाठी काय वापरलंत ते सांगा.