तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांना नकाशे का काढायला लावता?

‘अख्खं पुणं मोबाइलच्या नकाशात असताना लोकांच्या हातात कागद-पेन कशाला देता?’ डिझाइन संशोधन करते, म्हणजे एखादी जागा किंवा सोय आखण्याआधी ती वापरणाऱ्यांना समजून घेते, असं म्हटलं की हा प्रश्न येतोच. त्यापेक्षा फॉर्म भरून घ्या, असंही सुचवलं जातं.

फॉर्मवरची उत्तरं मला पाठ आहेत: खड्डे, ट्रॅफिक, कचरा, पाणी. ती खरीच असतात. पण माणूस कुठल्या गल्लीसाठी मुद्दाम वळसा घेतो आणि कुठे पाऊल टाकायचं टाळतो, हे त्यातून कळत नाही. केविन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने बॉस्टन, लॉस एंजेलिस आणि जर्सी सिटीतल्या रहिवाशांकडून आठवणीतले नकाशे काढून घेतले होते. 1960 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्सी सिटीकरांना आपल्या शहरात सांगण्याजोगं फारसं सुचेना. त्यांनी नदीपलीकडे दिसणाऱ्या न्यूयॉर्ककडे बोट दाखवलं. केवढं बोलकं आहे हे!

मी कोरा कागद देते, ‘तुमचं पुणं काढा’ म्हणते आणि गप्प बसते. पहिली रेघ कशाची येते ते टिपते. नारायण-शनिवार पेठेतली वयस्कर मंडळी नदी आधी काढतात, आणि 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, तेही दाखवतात. तिशीतल्यांच्या कागदावर बऱ्याचदा पूल असतात, खालची नदी नसते. नदीकाठ कसा असावा हे आपण यांना विचारतो, तेव्हा हे ठाऊक असायला हवं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते जनता वसाहत या झोपडपट्टीतून कोथरूडला घरकामाला येणाऱ्या बायकांनी. त्यांच्या नकाशात रस्ते जवळपास नसतातच. बसस्टॉप असतो, सोसायट्यांची गेटं असतात, चांगला वॉचमन आणि कटकट्या वॉचमन असतो. कुठली लिफ्ट वापरू देत नाहीत, दोन कामांच्या मधे डबा कुठे खाता येतो, हे सगळं असतं. एकीने कागदाच्या मधोमध भलंमोठं स्वच्छतागृह काढलं आणि उरलेलं कोथरूड त्याच्या कडेने बसवलं. दिवसभरात तिला जाता येईल अशी तेवढी एकच जागा होती.

पुण्यात 2006 पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. सोय फार चांगली आहे. पण आपल्या भागात दिवे, बाकं, पदपथ मागतात ते बहुधा तिथे घर असलेले. सकाळपासून तिथेच राबणारी बाई त्या प्रभागाची मतदार नाही, म्हणून तिचं म्हणणं मागायला कुणी जात नाही. मला हे मान्य नाही. म्हणून तिच्या परवानगीने, नाव-पत्ता झाकून, तो कागद मी क्षेत्रीय कार्यालयात दाखवते. दुसरं स्वच्छतागृह कुठे हवं, ते त्यावर स्पष्ट दिसतं.